डावा मोजा ओला झाल्याबाबत

६ ऑक्टोबर

प्रति,
ताई,
मालक, वाटाड्या, आचारी आणि तिकीट तपासनीस,
बेट-दर्शन सहल (एक दिवस, जेवणासह)

विषय : डावा मोजा ओला झाल्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, शनिवारी आपल्या सहलीत निम्नस्वाक्षरीकाराचा डावा मोजा पूर्ण भिजला आणि उजवा मात्र कोरडा राहिला. दोन्ही भिजले असते तर पावसाचं काम म्हणून सोडून दिलं असतं. दोन्ही कोरडे राहिले असते तर आभार मानले असते. पण एकच भिजणं हा उघड पक्षपात आहे. परतीच्या साडेतीन तासांच्या प्रवासात माझा उजवा पाय पेन्शन सुरू झालेल्या माणसासारखा निवांत बसला होता आणि डावा त्याच्याकडे बघत होता. एका देहात दोन न्याय मी सहन करणार नाही.

ताई, हसू नकोस. बावीस वर्षं मी पाणीपुरवठा कार्यालयात लोकांच्या तक्रारींना उत्तरं देतोय. नळाला पाणी नाही, नळाला फार पाणी आहे, नळाला पाणी आहे पण शेजाऱ्याच्या नळाला जास्त आहे. या सगळ्यांना 'आपल्या भावनांची नोंद घेतली आहे' असं कळवता कळवता माझे केस गेले. आता कुठे स्वतः तक्रार करायची संधी आली आहे. मामेबहीण असलीस म्हणून तू सुटणार नाहीस.

तुझ्या पत्रकात सात प्रेक्षणीय ठिकाणं छापली आहेत. मी सातही पाहिली नाहीत.

'हे दीपगृह,' असं म्हणून तू धुक्याकडे बोट दाखवलंस. आम्ही सहाही जणांनी माना डोलावल्या. एका गृहस्थांनी त्या पांढऱ्या अंधाराचा फोटो काढला, मग अजून एक, पहिला हलला म्हणून. नंतर तू आम्हाला कसल्याशा भिंतीला पाठ टेकून उभं केलंस. दीपगृह तिथे होतं, हे माझ्या पाठीला मान्य आहे. वारा वर जिन्यात शिरला की दगड आतून गुणगुणायचा आणि ते थेट मणक्यात उतरायचं. पण तिकीट मी डोळ्यांचं काढलं होतं, पाठीचं नाही.

पक्ष्यांचा कडा म्हणजे नुसता वास. मासळीबाजारात कुणीतरी ओल्या उशा वाळत घातल्यासारखा. हजारो पक्षी धुक्यात बसून एकाच वेळी बोलत होते, आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत बोलतात तसे, म्हणजे ऐकणारा कुणीच नाही. एकही दिसला नाही. एकाने माझ्या टोपीवर पोच दिली, तेवढीच.

गुहेत तू कंदील विझवलास. आधीच जे दिसत नव्हतं ते आणखी दिसू नये म्हणून असेल. आत थेंब पडत होते. एक जाड आवाजाचा, दोन बारीक, मग बराच वेळ काही नाही, आणि सगळे तो जाड थेंब कधी पडतोय याची वाट बघत उभे. तेरा मिनिटं कुणी एक शब्द बोललं नाही. आमच्या घरात असं शेवटचं कधी झालं ते आठवत नाही.

दगडखाणीत खडा टाकायला लावलास, तळाशी पोचेपर्यंत चार आकडे मोजून झाले. खाण दिसली नाही. वाऱ्याने वाकलेल्या झाडाकडे दोरी धरून नेलंस. खोडाला हात लावला तर ते घोड्याच्या मानेसारखं गरम लागलं, हे कसं ते कळवावे. झाड दिसलं नाही. तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायलो. भर समुद्रात इतकं गोडं पाणी. खात्यातला माणूस म्हणून सांगतो, नमुना उत्तम आहे. तळं दिसलं नाही. आणि सातवं ठिकाण, टोकावरून दिसणारं पलीकडचं बेट. ते उन्हातही दिसत नाही, असं भाऊजींनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं. दिवसभरात ते बोललेलं हे एकमेव वाक्य.

जेवणाबद्दल. माशांचं सूप खारट होतं. दोन वाडगे घेतले ते खारटपणाची खात्री करण्यासाठी. पावाने बोट भाजलं.

तुला सहावा माणूस हवा होता, पावसात कुणी मिळत नाही, म्हणून सहा वर्षांनी आलो. त्याचं हे फळ. योग्य ती कारवाई व्हावी.

तुझा,
वकील

प्रत माहितीसाठी : बंदर कार्यालय, धक्का क्रमांक दोन.


१२ ऑक्टोबर

वकील,

तुझं पत्र आलं. ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांचं हसणं तुला माहीत आहे, आवाज नसतो, नुसते खांदे हलतात. पक्ष्याच्या पोचेपासून ते हलायला लागले ते झाडापर्यंत थांबले नाहीत. मग म्हणाले, परत वाच. बाबांनी तुला आठव्या वर्षी वकील म्हणायला सुरुवात केली ती काही उगीच नाही. गोळ्यांच्या वाटणीबद्दल लेखी अर्ज देणारं दुसरं पोर आमच्या घरात झालं नाही.

मोज्याचं ऐक. मी तुला डाव्या बाजूला बसू नकोस म्हणाले होते. बोट वळताना पाणी डावीकडून येतं. तू म्हणालास, 'अशी लेखी सूचना कुठे लावली आहे?' आणि तिथेच बसलास. आता भोग.

झाड गरम लागलं कारण तुझा हात बर्फासारखा झाला होता.

सूप खारट होतं हे खरं. दुसरा वाडगा तुझ्या भाऊजींचा होता. सहा पाहुणे आणि हे, असे मी सातच वाडगे आणते, भांडं तेवढंच आहे. तू वाडगा पुढे केलास तेव्हा ह्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि चहात पाव बुडवून खाल्ला. सांगणार नव्हते. पण वर तू त्याला खारट म्हणालास, म्हणून सांगितलं.

थट्टा पुरे. तू आलास म्हणून ती फेरी झाली, हे मी विसरणार नाही. तुला नियम माहीत नाही म्हणून लिहिते. धक्क्यावर बोट लावायची शनिवारची पाळी त्यालाच मिळते जो ऊन-पाऊस न बघता दर शनिवारी फेरी करतो, कमीत कमी सहा माणसं घेऊन, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार नाही. नोव्हेंबर संपेपर्यंत सात शनिवार उरलेत. ते निभले की पुढची पाच वर्षं पाळी आमची. नाहीतर ती पांढऱ्या दुमजली बोटवाल्यांची. त्यांच्याकडे काचा आहेत, गाणी आहेत, गरम हवा आहे. पाऊस असला की ते बेटाला लांबून एक चक्कर मारतात आणि परत फिरतात. ह्यांनी मासेमारीची जाळी विकून ही बोट घेतली. हे त्या दीपगृहाच्या खोलीत जन्मलेत. पाळी गेली तर ह्यांना स्वतःच्या जन्मगावी जायला तिकीट काढावं लागेल, आणि तेही लांबून चक्कर मारून यायला.

फोन करू नकोस. फोन मी हवामानासाठी आणि नोंदणीसाठी ठेवलाय. फोनवर तू मध्ये बोलतोस. पत्रात तुला माझं शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

ताई


२० ऑक्टोबर

माननीय तक्रारदार साहेब,

आपण बंदर कार्यालयाकडे केलेल्या तक्रारीची नोटीस आम्हाला आज मिळाली. सोबत आपल्या पत्राची प्रत जोडली आहे. तिच्यावर पाणीपुरवठा कार्यालयाचा गोल शिक्का आहे, जावक क्रमांक आहे, आणि टोपीवरच्या पोचेच्या वाक्याखाली कुणीतरी लाल पेन्सिलने रेघ मारली आहे.

नोटिशीत लिहिलं आहे : 'सात प्रेक्षणीय ठिकाणांपैकी सातही न दाखवता शुल्क घेतल्याची तक्रार एका शासकीय अधिकाऱ्याने केली असून, पंधरा दिवसांत खुलासा करावा. खुलासा समाधानकारक न वाटल्यास पाळीचा फेरविचार होईल.'

मला वाटलं होतं आपल्या पत्रातली ती शेवटची ओळ गंमत आहे. 'प्रत माहितीसाठी' म्हणून मी हसलेसुद्धा.

ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. ह्यांनी आपण पाठवलेलं मूळ पत्र चार घड्या घालून बोटीच्या कपाटात ठेवलंय, नकाशाबरोबर.

आपली,
सहल-चालक


२३ ऑक्टोबर

ताई,

मला 'साहेब' म्हणू नकोस, वाटलं तर शिव्या दे. 'साहेब' वाचून मी जेवणाचा डबा न उघडता परत नेला.

काय झालं ते सांगतो. बचाव म्हणून नाही, तुला कळावं म्हणून. बावीस वर्षांत मी एकही पत्र 'प्रत माहितीसाठी' शिवाय लिहिलेलं नाही. घरी दूधवाल्याला चिठ्ठी लिहिली तरी हात खाली जाऊन 'प्रत' लिहितो. बायको म्हणते लग्नाला होकार दिलास तेव्हाही दोन प्रती काढल्या होत्यास. तर ती ओळ सवयीने आली, गंमत म्हणून राहिली. मग घरात तिकीट नव्हतं. पाकीट ऑफिसच्या जावक ट्रेमध्ये टाकलं, संध्याकाळी तिकीट आणून स्वतः पेटीत टाकीन म्हणून. आणि विसरलो.

आमच्याकडे जावक विभागात एक काका आहेत. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एक प्रत राहिलेली नाही, हा त्यांचा एकुलता एक अभिमान. पाकीट उघडं होतं. त्यांनी पत्र वाचलं नाही, ते कुठलंच पत्र वाचत नाहीत, फक्त शेवटची ओळ वाचतात. झेरॉक्स काढली, शिक्का मारला, क्रमांक घातला. काल मी विचारायला गेलो तर प्रेमाने म्हणाले, 'साहेब, बंदर कार्यालयाचा पत्ता अर्धवट लिहिला होतात. मी शोधून काढून पूर्ण केला.' यांच्यावर कसं रागवायचं, तू सांग. मी त्यांचे आभार मानले.

बंदर कार्यालयाला तीनदा फोन केला. तक्रार मागे घ्यायची आहे म्हटलं. पलीकडचा माणूस म्हणाला, तक्रार मागे घेण्याचा अर्ज तक्रार निकाली निघाल्यावरच घेता येतो. मी त्याच्याशी भांडूही शकलो नाही, कारण हेच वाक्य मी गेल्याच महिन्यात एका म्हाताऱ्या बाईंना ऐकवलं होतं. अगदी याच आवाजात.

पण एक गोष्ट मला येते. तक्रारीला उत्तर द्यायला माझ्याइतकं कुणाला येत नाही, आणि ही तक्रार माझीच असल्यामुळे तिचे कच्चे दुवे मला पाठ आहेत. सोबत तुझ्या खुलाशाचा मसुदा जोडतोय, चार पानी. तक्रारदार विघ्नसंतोषी, सवयीचा तक्रारखोर आणि नात्यातला असून वैयक्तिक आकसापोटी लिहितो, असं पहिल्याच परिच्छेदात घातलं आहे. धुक्याची जबाबदारी हवामान खात्यावर ढकलली आहे. शेवटी 'यापुढे सहलीच्या दिवशी धुके पडणार नाही याची दक्षता घेण्यात येईल' असं आश्वासन आहे. ते पाळायचं नसतं, फक्त द्यायचं असतं. तू नुसती सही कर.

तुझा,
वकील

(प्रत लिहिलेली नाही. हात बांधून बसलो होतो.)


२९ ऑक्टोबर

वकील,

तुझा मसुदा वाचला. ह्यांनाही सगळं सांगितलं आणि मग वाचून दाखवला. चारही पानं. खांदे एकदाही हलले नाहीत. शेवटी म्हणाले, हा माणूस तोच का, ज्याने पहिलं पत्र लिहिलं?

मी सही केली नाही. तू विघ्नसंतोषी आहेस, ते मी तुला तोंडावर सांगीन, बंदर कार्यालयाला कशाला. आणि धुकं पडणार नाही असं मी कुणाला लिहून देणार नाही. ह्यांना धुक्यातलीच वाट कळते. जाळ्यावर होते तेव्हा बाकीचे धुक्यात परत फिरायचे आणि हे आत जायचे. घंटी, लाटेचा आवाज, कड्याचा वास, यांवर बोट लावतात. मी लोकांना जे दाखवते ते ह्यांच्याकडून शिकलेय. मी लग्न होऊन पहिल्यांदा बेटावर गेले तेव्हाही काही दिसलं नव्हतं.

मी तीन ओळींचा खुलासा पाठवला. तो असा : 'तक्रारीतलं सगळं खरं आहे. पावसात काही दिसत नाही. येऊन बघा.'

काल उत्तर आलं. शनिवारी आठ तारखेला त्यांच्या तपासनीस बाई सहलीला येणार आहेत. फोनवर हवामान विचारलं, दिवसभर पाऊस आहे म्हणतात.

बाई धरून पाच माणसं झालीत. सहावी जागा रिकामी आहे. मला तुझा राग आहेच, पण सहावा माणूस नसेल तर बाई धक्क्यावरूनच परत जातील. यायचं असेल तर ये. मागे ह्यांच्याजवळ बस. बोलू नकोस. लिहू तर मुळीच नकोस.

ताई


१ नोव्हेंबर

येतो.

व.


१० नोव्हेंबर

ताई,

बोलू नकोस म्हणालीस, बोललो नाही. लिहू नकोस ही अट शनिवारपुरती होती असं धरून लिहितोय.

माझ्यामुळे गेलं. मागच्या फळीवर बसून मला तुमचं काही ऐकू येत नव्हतं, पण मला ऐकू यायची गरज नाही. तपासायला आलेला माणूस मी पाठीवरून ओळखतो. बाई बुटक्या, जाड चष्मा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल पोटाशी. धक्क्यावरच त्यांची छत्री उलटी झाली. तिथेच माझं अर्धं अवसान गेलं.

दीपगृहापाशी त्यांनी चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले. वैतागलेला अधिकारी असंच करतो, मीही करतो. कड्यापाशी नाकाला रुमाल. गुहेतून बाहेर आल्या त्या एकट्याच पुढे चालत गेल्या. टोकावर तू काहीतरी सांगितलंस आणि त्यांनी कितीतरी वेळ मान हलवली. आणि मुख्य म्हणजे दिवसभरात त्यांनी एक अक्षर लिहून घेतलं नाही. ताई, जो तपासनीस काही लिहीत नाही त्याचा अहवाल घरून लिहून आणलेला असतो. हे मी अनुभवाने सांगतो. मी स्वतः तसे दोन लिहिले आहेत.

जेवण झाल्यावर त्यांनी तुला दीपगृहाच्या जुन्या तेलाच्या कोठारात थांबवून घेतलं. दार लोटलं होतं. मी बाहेर भाऊजींबरोबर बोटीतलं पाणी उपसत होतो. पाव तास झाला. मला राहवेना. मी म्हटलं, भाऊजी, मी चुकलो. ते उपसत राहिले. मग डबा खाली ठेवला आणि दीपगृहाच्या बाजूला बोट करून म्हणाले, 'लहानपणी धुकं आलं की आम्ही रडायचो, घर दिसत नाही म्हणून. आई आम्हाला ओळीने त्या भिंतीला उभं करायची. म्हणायची, घर कुठे गेलेलं नाही, टेकून बघा.' एवढं बोलून त्यांनी डबा उचलला. थोड्या वेळाने म्हणाले, 'तू ते बरोबर लिहिलंस.'

मी ते तक्रार म्हणून लिहिलं होतं, ताई.

'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे वाक्य मी आयुष्यात किती हजार वेळा लिहिलं असेल. आज तेच साध्या शब्दांत लिहायला बसलो तर तीन कागद फाडले. माझं चुकलं. चेष्टा करायची मला सवय आहे, आणि ती कुठे जाऊन पडते ते बघायची नाही. पाळी गेली तर दर शनिवारी तुमच्या दोघांचं पांढऱ्या बोटीचं तिकीट मी काढीन, असं लिहिणार होतो, पण ते वाचून तू मला पाण्यात ढकलशील.

निकाल कळव. कसाही असो.

वकील


२४ नोव्हेंबर

वकील,

तू आयुष्यभर तक्रारी वाचल्यास, माणसं वाचली नाहीस. एकेक घे.

बाईंनी चष्मा काढला कारण काचांवरून पाणी गळत होतं. भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, तीस वर्षं मी डोळ्यांनीच नोकरी केली, पाठीला कधी काही विचारलं नाही. नाकाला रुमाल तूही लावला होतास. गुहेतून पुढे गेल्या त्या रडत होत्या. का ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस.

मान हलवली ती टोकावर. त्यांनी विचारलं, पलीकडचं बेट उन्हात तरी दिसतं का? मी म्हटलं, नाही. मग पत्रकात कशाला छापलंय? मी म्हटलं, ह्यांच्या वडिलांनी ह्यांना सांगितलं होतं की तिकडे एक बेट आहे. त्यावर बाई मान हलवत बसल्या. नाही म्हणून नव्हे, हसू आवरत नव्हतं म्हणून.

आणि लिहून घेतलं नाही, कारण त्यांनी लिहिलेलं आधीच आणलं होतं, ते मात्र तू बरोबर ओळखलंस. कोठारात त्यांनी फाइल उघडली. आत तुझं पत्र. एकेका ठिकाणापुढे पेन्सिलने बरोबरची खूण. मला म्हणाल्या, 'सहा मिळाली. तळ्याचं पाणी राहिलं. तक्रारीत आहे, ते मला पाहिजे.' वाटेवर चिखल होता म्हणून मी तळं गाळलं होतं. तुम्ही दोघं पाणी उपसत होतात तेव्हा मी बाईंना मागच्या दाराने तळ्यावर नेलं. त्या तीन ओंजळी प्यायल्या. पाव तास तो.

लाल पेन्सिल त्यांचीच. मला म्हणाल्या, कार्यालयात रोज पन्नास कागद येतात, वाचून बाहेर पाऊस पडत असेल का असं वाटायला लावणारा हा पहिलाच.

कागद गेल्या मंगळवारी आला. तसाच उतरवते : 'तक्रारीतील सर्व मुद्दे प्रत्यक्ष पाहणीत खरे आढळले. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. सहल-चालकाने तिकिटावर "पावसात काहीही दिसत नाही" असे ठळक छापावे. तक्रारदाराचे पत्र माहितीपत्रक म्हणून वापरण्यास या कार्यालयाची हरकत नाही.'

शेवटचा शनिवार येत्या एकोणतीसचा. तो निभला की पाळी आमची. तुझं पत्र मी मोठ्या अक्षरात काढून धक्क्यावरच्या फळ्याला लावलंय, मोज्यापासून पोचेपर्यंत. अकरा जणांनी नावं दिलीत, मला भांडं बदलावं लागणार. गेल्या शनिवारी मात्र भर दुपारी ऊन पडलं. एक बाई माझ्याशी भांडल्या, सगळं दिसतंय म्हणून. त्यांना म्हटलं, लेखी द्या.

आता माझी तक्रार. विषय : एका वाडग्याचा मेळ लागत नसल्याबाबत.

आठ तारखेला तुम्ही सहा आणि हे, असे मी सात वाडगे भरले. जेवण झाल्यावर ह्यांच्यापुढे दोन रिकामे वाडगे होते आणि तुझ्यापुढे चहाचा कप, त्यात पावाचे तुकडे. मी विचारलं तर तू म्हणालास, बोट लागते, पोटात काही नको. बोट तुला कधी लागली रे? बाबांच्या होडीत भर लाटांत बसून माझ्या वाटणीचे शेंगदाणे संपवणारा माणूस तू. ह्यांना विचारलं तर नुसते खांदे हलवले.

लेखी उत्तर पाहिजे. आणि या वेळी सूप खारट नव्हतं. तुला कसं कळणार म्हणा.

ताई


२७ नोव्हेंबर

प्रति,
ताई.

विषय : एका वाडग्याबाबत.

महोदया,

आपल्या तक्रारीची कसून चौकशी करण्यात आली. दोन साक्षीदार तपासले. पैकी एकाने खांदे हलवले आणि दुसरा मी. सदर दिवशी बोट लागत होती, असे निष्पन्न झाले आहे. तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे.

त्या दिवशी माझे दोन्ही मोजे भिजले होते. त्याबद्दल काही म्हणणे नाही.

शनिवारी येतो. बारावा माणूस म्हणून धर. डाव्या बाजूची जागा ठेव.

हे पत्र घरून, तिकीट लावून, स्वतः पेटीत टाकतोय.

तुझा,
वकील

प्रत : कुणालाही नाही.